मध्यंतरापर्यंतचे तौरसाहेब

शंभराच्या वर नाटकं पाहिलेला, पण त्यांतल्या एकाचाही शेवट न पाहिलेला माणूस तुम्हाला कधी भेटला आहे का? मला भेटला आहे. नुसता भेटला नाही, तर अकरा वर्षं माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहिला. काशिनाथ तौर, अंबडच्या बसस्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. गावाच्या तोंडी 'कंट्रोलर साहेब', आमच्या गल्लीत तौरसाहेब. खाकी शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. गाडी वेळेवर आली तर नोंद निळ्यानं, उशिरा आली तर लाल. सवय इतकी मुरलेली, की घरी पाहुणा उशिरा आला तरी त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जायचा.

जगातल्या कुठल्याही स्टँडवर 'गाडी कवा येईल?' असं विचारलं की खिडकीतून 'येईल आत्ता' असं उत्तर येतं. हे 'आत्ता' पाच मिनिटांचंही असतं आणि संध्याकाळपर्यंतचंही. तौरसाहेब असं कधी म्हणाले नाहीत. 'जालन्याहून सुटली, तेवढं फोनवर कळलंय. पुढचं मी पाह्यलं न्हाई. पाह्यलं न्हाई ते मी सांगत न्हाई.' हे त्यांचं पालुपद. एकदा घनसावंगीला निघालेला एक नवरदेव मुंडावळ्या सावरत खिडकीशी आला. मुहूर्ताच्या आत पोचू ना, म्हणून काकुळतीला येऊन विचारायला लागला. साहेब म्हणाले, पाह्यलं न्हाई. नवरदेवाचा मामा भडकला.

"अहो, शुभ बोला की जरा! शुभ बोलायला काही खर्च येतो का?"

"शुभ बोलतो. लग्न शुभ होवो. गाडीचं मला म्हाईत न्हाई."

यामुळे बाहेरगावचे लोक त्यांना तिरसट म्हणत. पण बाजाराच्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्या बायका मात्र दुसरा कुणी ड्यूटीवर असला तर त्याला काहीच विचारत नसत. खोटी आशा लावून न घेण्याचा अनुभव त्यांना जास्त होता.

कंट्रोलरची बायको आणि तिला गाडी लागते, यावर अंबडात हसून हसून लोक थकले होते. सुमनवहिनींना लाल डबा लागायचा, जीप लागायची, रेल्वेही लागायची. माहेर मंठ्याचं. लग्न झालं तेव्हा वऱ्हाड दुपारच्या गाडीनं संध्याकाळी अंबडला पोचलं आणि नवरी बैलगाडीतून तिसऱ्या दिवशी आली. तौरसाहेबांनी तरी हार मानली नव्हती. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते वहिनींना स्टँडवर नेत आणि उभ्या गाडीत पहिल्या सीटवर बसवत. सराव म्हणून. आधी इंजिन बंद ठेवून पंधरा मिनिटं, मग इंजिन चालू करून, मग स्टँडाला एक फेरी. तोंडात आल्याचा तुकडा, हातात लिंबू, पोटावर घडी केलेलं वर्तमानपत्र. दीड वर्ष हा अभ्यास चालला आणि मजल गेली ती गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत. तिथं वहिनी उतरल्या, कडेला बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बास झालं आता. तुमीच जात जा. आल्यावर मला सांगत जा."

तेव्हापासून तौरसाहेब जात होते. पुण्यात हिवाळ्यात एक आठवडा असा येतो, की सगळं शहर एकदम गायला, नाचायला आणि बोलायला लागतं. एका नाट्यगृहात नाटक, दुसऱ्यात गाणं, तिसऱ्यात व्याख्यान, आणि मधल्या मोकळ्या भिंतींवर चित्रं. साहेब त्याच आठवड्याची रजा टाकत. महिनाभर आधीपासून दुपारच्या गाडीनं येणाऱ्या पेपरातल्या जाहिराती कापून ठेवत आणि तक्ता आखत. रकाने चार: कार्यक्रम, ठिकाण, पोच, सुट. सात दिवसांत सव्वीस कार्यक्रम. एवढ्या गाड्या आमच्या स्टँडवरून दुपारपर्यंत सुटत नसत.

त्या तक्त्यातली एक गोष्ट मला प्रथम रशीदभाईंनी सांगितली. स्टँडसमोर त्यांचं पानाचं दुकान. एका वर्षी बहिणीकडे पुण्याला गेले असताना साहेबांनी त्यांना नाटकाला नेलं होतं. "सर, मध्यंतराची घंटी झाली अन् साहेब उठले. मी म्हणलो, चाय पिऊ. चाय पिली अन् निघालेच की. आधं नाटक सोडून! मला म्हणले, रशीदभाई, अंबडात कुठं बोलू नका, आमच्या घरात तर बिलकुल न्हाई. आता तुम्हाला म्हणून सांगून राह्यलो." थोडा चुना लावत ते पुढं म्हणाले, "दिल कमजोर हाये त्यांचं. शेवटाला कुणी मेलं तर सहन होत नसंल."

मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. जालना वेगळा जिल्हा होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि मी अजून फळ्यावर नवे नकाशे काढण्यात गुंतलेलो होतो. पण रशीदभाईंनी सांगितल्यापासून माझं मन नकाशात लागेना. अर्धं नाटक पाहायला माणूस सात-आठ तास प्रवास करून जातो? लोक आंबा खाऊन कोय टाकतात, हा गृहस्थ अर्धा आंबा टाकत होता. मला चौकशीची खोड आहे. बायकोच्या मते तो रोग आहे. त्या वर्षी मीही रजा काढली आणि साहेबांच्या मागं लागून पुण्याला गेलो.

मुक्कामाच्या गाडीवरचे ड्रायव्हर-कंडक्टर झोपतात त्या खोलीत आमचा मुक्काम. पहाटे उठून साहेब तक्ता वाचून दाखवत आणि आम्ही निघत असू. पहिल्याच दिवशी तिकिटाच्या खिडकीशी ही झुंबड. साहेबांना पाहवेना. हात वर करून त्यांनी असा आवाज दिला, "रांग करा! मागच्यांनी रेटू नका! बायांना पुढं येऊ द्या!" आणि पुण्याची माणसं, जी कुणाचं ऐकत नाहीत असं मी ऐकून होतो, ती मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. एका बाईंनी अदबीनं त्यांना बाल्कनीचा जिना विचारला. "पाह्यला न्हाई," साहेब म्हणाले.

दुपारी गाणं. गायकानं डोळे मिटून आलाप सुरू केला. पाऊण तास झाला तरी तबला आपला एकेक पाऊल टाकतोय. मला डुलकी लागत होती. साहेबांचे डोळे मात्र लख्ख. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, गाडी अजून फलाटावरच हाय. पण इंजिन कसं चालून राह्यलंय, ऐका!" पुढं लय वाढली, लोक माना डोलवायला लागले आणि हे उठून उभे. "सुटली गाडी. चला."

चित्रांच्या प्रदर्शनात एक मोठं चित्र होतं. बरंचसं लाल, एका कोपऱ्यात थोडं काळं. जवळच दाढीवाला तरुण चित्रकार उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "हे पुरं झालंय, का अजून बाकी हाय?" चित्रकारानं चित्राकडे पाहिलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "खरं सांगू? मला माहीत नाही." साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हाईत न्हाई म्हणणारा पुण्यात हा एकच भेटला." त्याच संध्याकाळी एका विद्वानांनी 'दोन शब्द बोलतो' म्हणून सव्वा तास घेतला. त्यांच्या नावापुढे तक्त्यावर लाल पेनाची ठसठशीत रेघ पडली.

या सगळ्यात एक गोष्ट मला दिसत होती आणि कळत नव्हती. साहेबांच्या मांडीवर सतत एक वही. तिच्यात भराभर काहीतरी लिहिणं चालायचं. मी डोकावलो. 'नायिकेची साडी मोरपंखी, पदर डाव्या हातात.' 'सासरा चहा बशीत ओतून पितो, आवाज करतो.' 'गाणाऱ्या बाईंच्या कानात कुड्या.' नाटकातलं भांडण, कोण कुठं उभं होतं, कोण आधी बोललं, सगळं शब्दाला शब्द. इतकं टिपणारा माणूस पुढचं अर्धं का सोडतो? विचारलं तर म्हणत, "तक्त्यात सुट लिहिलीय ना? मंग सुटायचं."

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. नाटक एका खेड्यातल्या बाईचं होतं. नवरा शहरात गेला तो गेलाच, पत्र नाही, खबर नाही. सासरचे म्हणतात, वाट पाहणं सोड. एक दिवस ती निळी पत्र्याची पेटी भरते, डोक्यावर घेते आणि त्याला शोधायला उंबरा ओलांडते. घंटा. मध्यंतर. साहेबांनी वही मिटली. मी म्हणालो, "साहेब, मी काही उठत नाही."

साहेब पुन्हा खुर्चीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "बसा. पण वचन द्या. शेवट मला सांगायचा न्हाई. अंबडला पोचेपर्यंत न्हाई, पोचल्यावर न्हाई, कवाच न्हाई."

मी वचन दिलं आणि बसलो. ती बाई नवऱ्यापर्यंत पोचत नाही. गावाच्या शिवेपर्यंत जाते, तिथल्या दगडावर दिवसभर बसते, आणि उन्हं उतरल्यावर परत येते. पेटी बाजेखाली सरकवते, चूल पेटवते आणि पडदा पडतो. सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी रडत होतो, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. बाहेर साहेब पायरीवर शेंगदाणे खात बसले होते. मला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. "सर, आधी तोंड पुसा. तोंडावरून कळतं."

अंबडला परतल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. वहिनी पुढच्या खोलीत सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. साहेबांनी वही उघडली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नाटक सुरू केलं. एकटेच सगळ्या भूमिकांत. टॉवेल डोक्यावर घेतला की सासू, कमरेला बांधला की गडी. स्टँडवर दगडासारखा उभा राहणारा हा माणूस घरात मुरडत होता, रुसत होता, खोटं खोटं खोकत होता! नाटक होतं घर विकायला निघालेल्या दोन भावांचं. भाऊ भांडून दोन दिशांना निघून जातात, इथवर आले आणि वही मिटली.

"हां, आता तुझं," साहेब म्हणाले.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघून हसल्या. "सर, शेवट हे पोटात ठेवतात अन् मला वळखायला लावतात. आजपतूर एक चुकला न्हाई माजा. विचारा यांना." मग डोळे बारीक करून त्यांनी शेवट सांगितला. धाकटा भाऊ कसा निघाला, वाटेत त्याला कोण भेटलं, आणि दोघंही दिवस मावळायच्या आत घरी कसे पोचले. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, पाठ ताठ झाली होती. गल्लीतल्या दोन बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवट झाला तसे साहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "बराबर!"

चहा झाल्यावर मी त्यांना ओट्यावर गाठलं. "साहेब, न पाहिलेलं तुम्ही सांगत नाही ना?"

"मी कुठं सांगतो? ती सांगती. मी बराबर म्हणतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, मी शेवट पाह्यला असता अन् तिचा येगळा निघाला असता, तर मला बराबर म्हणता आलं नसतं. खोटं जमत न्हाई मला. म्हणून पाहातच न्हाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. मंठ्याच्या शाळेत असताना वहिनींना नाटकात मोठं काम मिळालं होतं. स्पर्धा औरंगाबादला. सगळ्या मुली गाडीनं निघाल्या. वहिनींना गाडी अशी लागली, की बदनापूरला उतरवावं लागलं. शाळेतल्या एक बाई त्यांच्यापाशी थांबल्या, बाकीच्या पुढं गेल्या. त्यांचं काम दुसऱ्या मुलीनं केलं आणि तिला बक्षीस मिळालं. "शेवटचं भाषण हिचंच होतं. पाठ केल्तं, पण बोलली न्हाई कवा," साहेब म्हणाले. "आता वरीसभर बोलती. लोकं ऐकाया येतात. तेवढंच हाय आमच्या घरात, सर. दुसरं कोण हाय?" मूलबाळ नव्हतं त्यांना. ते पुढं म्हणाले, "तुमी पाह्यलंय ते पेटीवालीचं नाटक तिसऱ्या रविवारी येईल. त्या दिवशी आमच्याकडं येऊ नका. तुमाला पाह्यलं की मला कळंल."

मी जाणारच नव्हतो. पण माझी बायको! नळावर पाणी भरताना ती वहिनींना म्हणाली, "आमच्यांनी पाहिलं ना ते पेटीवाल्या बाईचं नाटक. अगदी शेवटपर्यंत. डोळे सुजवून आले होते." झालं. तिसऱ्या रविवारी दुपारी वहिनी स्वतः आमच्या दारात. "चला सर. आज दोन परीक्षक."

जाऊन बसलो. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. नाटक सांगताना दोनदा अडखळले. पेटीचा निळा रंग सांगायचा विसरले आणि मागाहून सांगितला. बाईनं उंबरा ओलांडला. वही मिटली. दारात आज चार-पाच बायका होत्या.

वहिनींनी सांगायला सुरुवात केली. बाई फाट्यावर आली. गाडी आली. ती पहिल्या सीटवर बसली, पेटी पायाशी. आणि मग वहिनी थांबे सांगायला लागल्या. औरंगाबाद, नेवासा फाटा, घोडेगाव, नगर, सुपा, शिरूर. एकही चुकला नाही. गावाबाहेरच्या फाट्यापुढं कधी न गेलेली बाई ते सगळं डोळ्यांपुढं असल्यासारखं सांगत होती. कुठं उसाची गाडी आडवी आली, कुठं गाडी चहाला थांबली. "अन् वाटंत तिला कायबी झालं न्हाई. लिंबू हातात होतं, पण वासबी घेतला न्हाई. वाटंत उतरली न्हाई कुटं. नीट पोचली पुण्याला."

मला तेव्हा लक्षात आलं. पहिल्या नाटकातले दोन भाऊ पोचले होते, मागच्या रविवारच्या नाटकातला म्हाताराही पोचल्याचं गल्लीत ऐकलं होतं. वहिनींच्या शेवटांत सगळी माणसं पोचत होती. माझ्या डोळ्यांपुढं मात्र शिवेवरचा तो दगड होता.

"सांगा सर," त्या म्हणाल्या. "तुमी तर डोळ्यांनी पाह्यलंय. पोचली ना ती?"

दारातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. साहेब जमिनीकडे. वचन शेवट न सांगण्याचं होतं, पण वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून मला तेही आठवलं नाही. मी म्हणालो, "पोचली, वहिनी."

पण मला चांगलं खोटं बोलता येत नाही. वर्गातली पोरंसुद्धा ओळखतात. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांचं हसू थोडं कमी झालं. हळूच त्यांनी विचारलं, "मंग तिला घ्यायला स्टँडवर आल्तं का कुणी?"

नाटकात स्टँड नव्हतं, पुणं नव्हतं. नवऱ्याचा तर पत्ताच नव्हता. मी "म्हणजे... तसं..." असं काहीतरी पुटपुटलो. वहिनींनी मान खाली घातली आणि सुपातल्या ज्वारीवरून उगाच हात फिरवायला लागल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की उठून पळून जावंसं वाटलं. कुणी सांगितलं होतं मला शेवटपर्यंत बसायला?

"आल्ता," तौरसाहेब म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते उभे होते. वही मिटलेलीच होती, आणि डोळे वहिनींवर.

"नवरा आल्ता. गाडी यायच्या आदी तासभर येऊन थांबला हुता. खिडकीपाशी चार बारी इचारून आला, गाडी कवा येती म्हणून."

"तुमी पाह्यलं?" वहिनींनी विचारलं.

"पाह्यलं."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. पण ते अडखळले नाहीत.

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "अन् पेटी?"

"पेटी त्यानंच घेतली. खांद्यावर."

वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि एकदा पाखडलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "एकटीला लई जड झाली असती."